अमेरिकेचा उंदीर

आमच्या इंदूरच्या घरात देव स्वयंपाकघरात होते आणि अमेरिका दिवाणखान्यात. देवांना एक लाकडी देव्हारा होता, त्याचं एक दार लागत नसे. अमेरिकेला मात्र सागवानी शोकेस होती, तिन्ही बाजूंनी काच, पितळी कुलूप, आणि त्याची किल्ली बाबासाहेबांच्या जानव्याला. बाबासाहेब म्हणजे माझे वडील. ते साहेब कुठलेच नव्हते, सरकारी कचेरीत हिशेब तपासायचे. पण आजोबा संस्थानच्या काळात कुठल्याशा खात्याचे कारभारी होते, आणि संस्थान गेलं तेव्हा जाता जाता 'साहेब' एवढी एकच वस्तू आमच्या घरी विसरून गेलं. वडिलांनी ती उचलली आणि जन्मभर इस्त्री करून वापरली. सकाळी मिलचा भोंगा झाला की ते उठत, टांग्याचा घोडा खिंकाळला की कोट चढवत, आणि टांग्यात बसताना शोकेसवरून एक नजर फिरवत. देव्हाऱ्याकडे बघायला वेळ मिळाला नाही तरी चालत असे.

शोकेसमध्ये बाहुल्या होत्या. तोवर बाहुली म्हणजे आम्हाला लाकडाची ठकी माहीत, नाहीतर कापडाची, डोळ्यांच्या जागी बटणं असलेली. ह्या वेगळ्या होत्या. हातभरही उंच नव्हत्या, पण बाळं नव्हेत, चांगल्या वयात आलेल्या बायका. बारीक कंबर, उंच टाचेचे बूट, कोपरापर्यंत हातमोजे, नखाएवढी पर्स. डोळ्यांवर निळा रंग, आणि नजर सरळ नाही तर तिरकी, जणू आत्ताच बाजूच्या दारातून कुणी आलंय आणि ते आपल्याला आवडलेलं नाही. पहिली बाहुली आली तेव्हा आईनं तिचा कोट काढून आत डोकावून पाहिलं आणि घाईनं पुन्हा मिटवला. "अगंबाई, हिला तो सगळंच आहे," ती म्हणाली.

ह्या बाहुल्या कुमुदआत्याच्या होत्या. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. तिचे यजमान, मधुकरराव, इंजिनिअर होते. लग्न झालं, थोडे महिने देवासच्या घरी संसार झाला, आणि ते पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेला गेले. वर्षभरात बोलावून घेतो म्हणाले होते. पाठोपाठ तिची सासू गेली, देवासचं घर बंद झालं, आणि बोलावणं येईपर्यंत म्हणून आत्या आमच्याकडे राहायला आली. मला समजायला लागलं तेव्हा ती आमच्याकडे होती, माझ्या पाठीवर बंडू झाला तेव्हा होती, बंडू बोलायला लागला तेव्हाही होती. मधूनमधून पत्र यायचं. त्यात व्हिसा, नोकरी, भाड्याचं घर, पुढचं वर्ष हे शब्द असायचे. क्रम तेवढा बदलायचा. आणि वर्षातून एकदा समुद्रमार्गे पार्सल यायचं, त्यात एक बाहुली.

बाहुल्याच का, हे मला फार उशिरा कळलं. आत्याला बघायला ते आले तेव्हा चैत्र होता. घरात चैत्रगौर बसलेली. आमच्याकडे चैत्रात गौरीला पाळण्यात बसवतात आणि तिच्यासमोर पायऱ्या लावून आरास करतात, तीत बाहुल्या, खेळणी, फळं, फराळ, जे घरात देखणं असेल ते. त्या आराशीतल्या बाहुल्या आत्यानं केल्या होत्या. मधुकररावांनी विचारलं, "ह्या कुणी केल्या?" ती म्हणाली, "मी." एवढंच काय ते दोघांचं बोलणं झालं. एखाद्या माणसाला आपल्या बायकोबद्दल एकच गोष्ट माहीत असेल, तर तो तीच पाठवत राहणार.

वडिलांना हे कळण्याची गरज नव्हती. त्यांच्या दृष्टीनं प्रत्येक बाहुली म्हणजे मेहुण्यांनी पाठवलेली पोच होती. घरी कुणीही आलं की चहाच्या आधी शोकेस. संध्याकाळ असेल तर बॅटरीचा झोत टाकून. "ये देखिए साहब, असली अमेरिकन. पलकें देखिए पलकें," असं ते हिंदी पाहुण्यांना सांगत, आणि मराठी पाहुण्यांना, "कुमुद यंदा जातेच आहे. झालं म्हणायचं आता." पाहुणे मान डोलवत. आत्या चहाचा ट्रे घेऊन दारात उभी असायची. यंदा जाणारी बाई दर वर्षी चहा देते, ह्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

चैत्र आला की मात्र कुलूप निघायचं. वर्षभर अमेरिकन असलेल्या बाहुल्या महिनाभर मराठी व्हायच्या. आईच्या जुन्या चोळखणांतून, आत्याच्याच लग्नातल्या शालूच्या आतल्या पट्टीतून ती त्यांना नऊवारी शिवायची. तिच्या मांडीवर पांढरं पंचाचं कापड, तोंडात टाचण्या, आणि टाचण्या तोंडात ठेवूनच गुणगुणणं. पाट्यावर डाळ वाटल्याचा घरघर आवाज, मागच्या अंगणात पोपटांचा कलकलाट, माठाशेजारी ओला वाळा. रविवारी सकाळी पोहे-जिलेबी आली की ती हात धुऊन यायची, पोह्यांवरची शेव आधी वेचून बंडूला द्यायची आणि पुन्हा सुईपाशी. उंच टाचेच्या पायांना जोडवी घालणं हे सर्वांत अवघड काम, असं ती म्हणायची. कारण पाय चालण्यासाठी केलेलेच नाहीत, नुसते उभं राहिल्यासारखं दिसण्यासाठी केलेत. मी तेव्हा हसले होते.

ज्या वर्षाबद्दल मला लिहायचं आहे त्या वर्षी पत्रात 'नक्की' हा शब्द आला. पुढच्या उन्हाळ्यात नक्की. वडिलांनी तो शब्द कचेरीत नेला, तिथून गावात नेला, आणि चैत्र येईपर्यंत सगळ्या मराठी घरांत तो पोचला. मग त्यांनी ठरवलं, की यंदाच्या आराशीत विमानतळ करायचा. विमान, शिडी, आणि शिडीवर नऊवारीतली एक बाहुली, हातात पेटी. हळदीकुंकवाला सरदारीणकाकू येणार होत्या. त्यांच्या घराण्याची सरदारकी केव्हाच गेली होती, पण त्या आल्या की सगळ्या बायका अजूनही जराशा उठल्यासारखं करून बसत. वडील स्वतः सियागंजच्या घाऊक बाजारात जाऊन पुठ्ठे आणि चंदेरी कागद घेऊन आले, एरवी ते सियागंजात पाय ठेवत नसत. विमान त्यांनीच केलं. ते बरंचसं माशासारखं झालं होतं. "पंख जरा खाली आलेत का हो?" आईनं विचारलं. "उतरतंय ते," वडील म्हणाले. "अहो पण आपल्याला तो पाठवायचंय ना वन्संना?" आई म्हणाली. त्यांनी चंदेरी कागद पुढे ओढला.

पार्सल त्याच आठवड्यात आलं. नेहमी पार्सलात खोका असायचा, चकचकीत, त्यावर बाहुलीचं चित्र, आत ती तारेनं बांधलेली. ह्या वेळी खोका नव्हता. वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाहुली होती. तांबूस केसांची, अशी आधी आली नव्हती. आत्यानं कागद उलगडला आणि आम्ही सगळे वाकून बघत राहिलो. कपाळावरचे केस तिरके कापलेले होते, एका बाजूला बोटभर, दुसऱ्या बाजूला मुळापासून. एक बूट नव्हता. अनवाणी पायाची बोटं चावून चावून चपटी झालेली, हाताचा अंगठा गायब. आणि डाव्या मनगटावर निळ्या शाईनं घड्याळ काढलेलं होतं, वेडंवाकडं गोल आणि त्यात दोन काटे.

"कस्टमवाले," वडील ताबडतोब म्हणाले. "खोलून बघतात नालायक. सगळं हाताळून ठेवतात."

"कस्टमवाले चावतात का हो?" आईनं विचारलं.

वडिलांनी क्षणभर विचार केला. "उंदीर. जहाजात उंदीर असतात. मोठे असतात."

हे इतक्या अधिकारानं सांगितलं गेलं, की मला तो उंदीर दिसलाच. दुसऱ्या दिवशी शेजारच्या पांडेभाभींना मी ते सांगितलं, त्यांनी पुढे सांगितलं, आणि हा हा म्हणता आमच्या गल्लीत अमेरिकेच्या उंदराची ख्याती झाली. वडिलांनाही ते फारसं वाईट वाटलं नसावं. अखेर उंदीर झाला तरी अमेरिकेचाच. कुणी घड्याळाबद्दल काही म्हणालं नाही. उंदीर घड्याळ काढत नाहीत हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असणार, पण आमच्या घरात जी गोष्ट बाबासाहेबांनी सांगितली तिच्या पलीकडे बघायची रीत नव्हती.

आत्या ती बाहुली घेऊन मागच्या पडवीत गेली. मी पाठोपाठ गेले. ती बाहुली मांडीवर घेऊन बसली, पुढ्यात कैऱ्या चिरायच्या राहिलेल्या. बंडू तिथे खेळत होता, तेव्हा तो जेमतेम तीन वर्षांचा. तिनं त्याला हाक मारली. "ये रे राजा, फोड खातोस?" कैरीची एक जाड फोड तिनं त्याच्या हातात दिली. त्यानं दात रोवले, आंबट लागली तसं तोंड वाकडं केलं, आणि फोड परत करू लागला. आत्यानं ती घेतली. एका हातात फोड, दुसऱ्या हातात बाहुलीचा पाय, असं धरून तिनं उजेडात पाहिलं. फोडीवर बारीक दातांची एक कमान उमटली होती. पायावर तशाच कमानी होत्या, एकीवर एक, कित्येक.

"आत्या, काय बघते?" मी विचारलं.

"दात," ती म्हणाली. मग फोडीला मीठ लावून ती तिनं स्वतः खाल्ली.

त्या बाहुल्या आता माझ्याकडे आहेत. मी विजय नगरात एका उंच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये राहते, आत्याही शेवटपर्यंत इथे माझ्याजवळ होती. मागे भाचीच्या ओळखीनं एक मुलगा त्या बघायला आला. मूळ पुण्याचा, इथे कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला, आणि जुन्या बाहुल्या जमवण्याचा नाद. त्यानं खिशातून पांढरे हातमोजे काढून चढवले. आमच्याकडे साक्षात गौरीलाही कुणी हातमोजे घालून हात लावला नव्हता. एकेक बाहुली उलटीसुलटी करून तो भिंग लावून बघत होता, मधूनच "बापरे" म्हणत होता. मग त्यानं विचारलं, "काकू, ओरिजिनल खोके असतील ना?"

"होते," मी म्हटलं. "आई त्यात वाती ठेवायची."

त्यानं डोळे मिटले. मला त्याचं खरंच वाईट वाटलं. पुढे त्यानं ती तांबूस केसांची उचलली आणि भिंग बाजूला ठेवलं. ही सगळ्यांत दुर्मीळ, म्हणाला, फार थोड्या निघाल्या होत्या, मग कंपनीनं बंद केल्या, भारतात दुसरी असेल असं वाटत नाही. बोलता बोलता त्यानं तिचे पाय पाहिले, मग मनगट. "अरेरे, चावलीये ही. आणि हे पेन... काकू, हिला काही झालं नसतं तर शहराबाहेर राऊला तुमचा एक प्लॉट झाला असता. कुणी केलं हे?"

"घरात लहान मूल होतं," मी म्हटलं. ते खरंच होतं. कुठल्या घरात, हे त्यानं विचारलं नाही.

ती बाहुली मधुकररावांनी का पाठवली असेल, ह्याचा विचार मी वयाच्या प्रत्येक टप्प्यावर वेगळा केला. तरुणपणी वाटायचं, कंजूषपणा; मुलीनं टाकून दिलेली, चला, इंदूरला पाठवून देऊ. पुढे संसारात पडल्यावर वाटू लागलं, की त्यांनी पाठवलीच नसेल, तिथल्या बाईनं पाठवली असेल, एका बाईनं दुसऱ्या बाईला कळवण्यासारखं. आता वाटतं, की तोंडानं सांगायचा धीर नसलेल्या माणसानं हे जाणूनबुजून केलं असेल. तिघांपैकी एकही कारण मला पुरतं पटत नाही. आत्याला मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "केस कापलेत ते डाव्या हातानं कापलेत बघ. डावखुरी असेल पोरगी." बाहुली कुणी पाठवली ह्यात तिला रस नव्हता. ती कुणाची होती, एवढंच ती बघत राहिली.

त्या चैत्रात हळदीकुंकवापर्यंत आराशीपुढे तिनं चादर बांधून ठेवली आणि कुणालाही आत येऊ दिलं नाही. वडील बाहेरून सूचना करायचे. शिडी नीट दिसली पाहिजे, विमानाचं नाक उत्तरेकडे नको. "हो दादा," ती आतून म्हणायची. माझा एक जुना गुलाबी फ्रॉक तिनं मागून घेतला, आणि जुन्या गादीतला कापूस. मला वाटलं, ढग करणार असेल.

त्या दिवशी दुपारपासून घरात ओल्या हरभऱ्यांचा आणि कैरीचा वास होता. पितळी पातेल्यात पन्हं, त्यावर केशराच्या काड्या तरंगताना वडिलांनी दोनदा येऊन बघितल्या. मग ते पुरुषमंडळींबरोबर बाहेर ओट्यावर जाऊन बसले, कारण हळदीकुंकवात पुरुषांचं काम नसतं. तरी आवाज आत येत होता: "पासपोर्ट तयारच समजा." बायका जमल्या, बांगड्यांचा आणि पंख्यांचा आवाज वाढला, आणि ऊन कलल्यावर सरदारीणकाकू आल्या. सगळ्या जराशा उठल्यासारखं करून बसल्या. आईनं काकूंना चादर बाजूला सारायला सांगितलं, मान म्हणून.

विमान होतं. वर तुळईला दोऱ्यानं लटकवलेलं, माशासारखं, खाली मान घालून. पण शिडी नव्हती. पायऱ्यांवर बाहुल्या बसवल्या होत्या, सगळ्या नऊवारीत, कुंकू लावून. प्रत्येकीला किंचित वळवून अशी बसवली होती, की त्या सगळ्यांच्या तिरक्या नजरा एकाच जागी जात होत्या. त्या जागी, सगळ्यांत खालच्या पायरीवर, एक मूल बसलं होतं. कापडाचं, पण खऱ्या मुलाएवढं. माझा गुलाबी फ्रॉक, लोकरीचे तपकिरी केस, कपाळावर तिरके कापलेले. त्याच्या डाव्या मुठीत ती तांबूस केसांची बाहुली होती, उलटी धरलेली, आणि बाहुलीचा पाय तोंडात.

खोलीत आधी कौतुकाचा आवाज उठला. पांडेभाभी म्हणाल्या, "हाय, कित्ती प्यारी गुडिया बनाई है! एकदम जिंदा!"

"खरंच गं," सरदारीणकाकू म्हणाल्या. "कुमुद, हे बाळ कुठलं मध्येच? हेही निघालंय का विमानानं?" बायका हसल्या.

आत्या गुलाबदाणी घेऊन उभी होती. "नाही काकू. ते तिथलंच आहे."

"तिथलं मतलब?"

"अमेरिकेतलं. आमच्या ह्यांचं."

पंख्यांचा आवाज थांबला. आत्या अगदी रोजच्या आवाजात बोलत होती, कुणी साडीचं सूत विचारल्यासारखं. "दात सगळे आलेत. म्हणजे तीनाच्या आतबाहेर असेल. घड्याळ काढता येतं तिला. मुलगी असावी, असं मला आपलं वाटतं. चेहरा मात्र मला माहीत नाही, म्हणून नाकडोळे नाही काढले."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्या मुलाला तोंड होतं, पण बाकी चेहरा कोरा होता.

माझ्या आईनं ओटीच्या हरभऱ्यांत हात घातला होता, तो तसाच राहिला. सरदारीणकाकूंनी पन्ह्याचा पेला उचलला, घोट घेतला. "पन्हं जरासं आंबट झालंय का गं?" त्या कुणालाही न बघता म्हणाल्या. "हो ना, यंदा कैऱ्याच तशा," दुसरी कुणी म्हणाली, आणि त्या वाक्याला धरून सगळ्या जणी हळूहळू पलीकडे गेल्या. कैऱ्या, उकाडा, नळाचं पाणी. आजवर मी अनेक सभा-समारंभ पाहिले, मोठमोठ्या माणसांना अडचणीच्या प्रश्नांवरून सफाईनं सरकताना पाहिलं. त्या बायकांइतकं कुणाला जमलेलं पाहिलं नाही.

जाताना मात्र अडलं. हळदीकुंकवाची रीत अशी, की काकूंनी उलट आत्याला कुंकू लावायचं. त्यांनी बोट कुंकवात बुडवलं आणि ते आत्याच्या कपाळासमोर हवेत थांबलं. यजमान जिवंत, म्हणजे ही सवाष्ण. पण यजमान इथला राहिलेला नाही. शास्त्रात ह्याची सोय कुठे केलेली नसावी. आत्या मान किंचित खाली करून उभी होती. काकूंनी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "लावा ना काकू." काकूंनी कुंकू लावलं, जरा जास्तच लावलं, आणि भराभर पायऱ्या उतरून गेल्या.

वडिलांना सगळं सांगितलं ते आईनं, दिवेलागणीला. त्यांचा पहिला प्रश्न होता, "कोण कोण होतं?" मग ते आत आले, कापडाच्या मुलाकडे बघत उभे राहिले. "ह्याला काय पुरावा आहे?" ते म्हणाले. "नुसते दात? उंदीर होता तो."

"दादा," आत्या म्हणाली, "मी नाही जात आता कुठे. तुम्ही लोकांना सांगू नका."

"लोकांना काय सांगायचं ते मी बघेन. हे आधी उचल इथनं."

तेव्हा माझी आई, जी त्यांच्यासमोर कधी दुसरं वाक्य बोलत नसे, म्हणाली, "गौर बसलीये. अक्षय्यतृतीयेपर्यंत तिच्यासमोरचं काहीएक हलत नसतं. तुमच्या आईनंच शिकवलंय मला." घराण्याच्या रीतीपुढे वडिलांचं काही चालेना. ते मूल दिवाणखान्यात राहिलं. वडील त्याच्याकडे पाठ करून वर्तमानपत्र वाचायचे. पाहुणे आले की ओट्यावरच थांबवायचे. बंडूला मात्र सोबती मिळाला होता. तो त्याच्याशेजारी मांडी घालून बसायचा आणि आपल्यातली अर्धी शंकरपाळी त्याच्या तोंडाशी धरायचा. एकदा दुपारी मी शाळेतून आले तर आत्या त्याच्या लोकरीच्या केसांतून फणी फिरवत होती. ते तिरके केस सरळ होत नव्हते. मला बघून तिनं फणी बाजूला ठेवली नाही, फिरवतच राहिली.

अक्षय्यतृतीयेला गौर उठली. संध्याकाळी पडवीत बसून आत्यानं त्या मुलाची शिवण उसवली. कात्रीनं एकेक टाका, घाईगडबड न करता. फ्रॉक धुऊन माझ्या ट्रंकेत ठेवला, लोकर गुंडाळून डब्यात, आणि कापूस पिंजून बंडूच्या उशीत भरला. त्या उशीवर तो पुढे कित्येक वर्षं झोपला. बाहुल्या नऊवारीतून निघून परत अमेरिकन झाल्या आणि शोकेसमध्ये गेल्या, तांबूस केसांचीसुद्धा, मागच्या रांगेत. व्हिसाचं अडलंय असं वडील अजून वर्षभर लोकांना सांगत राहिले. नंतर लोकांनी विचारणं सोडलं, आणि मला वाटतं, त्यांना त्याचाच राग अधिक आला. मेहुण्यांना त्यांनी पत्रं लिहिली, त्यांचं उत्तर आलं नाही. कोर्टात जावं असं आई एकदा म्हणाली, तर ते म्हणाले, आपल्या घराण्यात असलं काही होत नसतं.

उत्तर आलं नाही, तरी पुढच्या थंडीत पार्सल आलं. मी शाळेत निघाले होते, वडील कचेरीत गेले होते. पोस्टमननं सायकल ओट्याला टेकवली आणि ओरडला, "बाईजी, विलायत का माल!" ह्या वेळी खोका असावा, कागदातून कोपरे दिसत होते. आत्या ओले हात पदराला पुसत बाहेर आली. बंडू तिचा पदर धरून मागे. तिनं पार्सल हातात घेतलं, वजन केल्यासारखं जरा तोललं, आणि परत पोस्टमनच्या हातात दिलं.

"वापस ले जाओ भैया."

"वापस? बाईजी, इत्ती दूर से आया है. क्यूँ?"

"नही चाहिये."

पोस्टमन गोंधळला. आमच्या दारात इतक्या वर्षांत त्याला असं कुणी म्हटलं नव्हतं. एरवी ह्या पार्सलाची बक्षिशी मिळायची. "ऐसे नही होता बाईजी," तो म्हणाला. "कारण लिखना पडता है. क्या लिखूँ?"

आत्यानं थोडा वेळ त्या पार्सलाकडे पाहिलं. उन्हात तिच्या ओल्या हातांतून वाफ निघत होती. रस्त्यावरून पोहेवाला ओरडत गेला.

"लिख दो," ती म्हणाली, "इस घर में कोई छोटा बच्चा नही है."

पोस्टमननं बंडूकडे पाहिलं. मग दप्तर घेऊन दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे. मग आत्याकडे. त्यानं कानावरची पेन्सिल काढली, पार्सल सायकलच्या सीटवर ठेवलं, आणि तसंच लिहिलं.